निर्दोष सुटलात? मग कागद घेतलात का?

मागच्या वर्षी एके दिवशी शाळा सुटली तेव्हा गेटपाशी एक आई माझी वाट पाहत उभी होती. तिचा थोरला मुलगा माझा जुना विद्यार्थी. चाकणकडच्या एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत कामाला होता. तिने पिशवीतून दोन कागद काढले. "मॅडम, ये जरा पढ के बताव. पोरगं दोन दिवस धड जेवलेलं नाही."

पहिला कागद चारित्र्य पडताळणीचा होता. अर्जदाराविरुद्ध एक गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, असं त्यावर लिहिलं होतं. दुसरा कागद म्हणजे वकिलांचं व्हिजिटिंग कार्ड. मागच्या बाजूला पेनाने एक आकडा आणि २०१९ हे साल. या घराकडे आपल्या केसचं एवढंच दप्तर होतं.

प्रकरण साधं होतं. २०१९ मध्ये गल्लीत मारामारी झाली, फिर्यादीत आठ जणांची नावं आली, त्यात याचंही आलं. तीन वर्षं तारखा झाल्या. २०२२ मध्ये कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. वकील म्हणाले, "सुटलास, जा आता." घरी शिरनी वाटली, विषय संपला. निकालाची नक्कल घ्यावी लागते हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदीत मात्र केस चालूच राहिली. ठेकेदाराने सांगितलं, "आधी केस मिटव, मग ये." मिटलेली केस पुन्हा मिटवायची कशी, हे त्या आईला माझ्याकडून हवं होतं.

नक्कल मिळवून नोंद दुरुस्त व्हायला दीड महिना गेला. तोवर त्याच्या जागी दुसरा मुलगा लागला होता. आज तो दुसरीकडे काम करतो, ठीक आहे. पण त्या दीड महिन्यात मला जे कळलं ते लिहून ठेवायला हवं असं वाटलं, कारण तेव्हापासून असे आणखी चार-पाच जण माझ्याकडे येऊन गेलेत.

पहिली गोष्ट कायद्याची. आरोपीला कैदेची शिक्षा झाली, तर निकालपत्राची प्रत त्याला लगेच आणि मोफत द्यायची असं कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६३ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०४ आहे. जो निर्दोष सुटला, त्याला मात्र प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणजे ज्याला तो कागद आयुष्यभर दाखवत फिरावं लागणार आहे, त्याच्या हातात तो आपोआप येत नाही. माझ्या मते ही चूक आहे. सुटकेचा हुकूम झाला की त्याच दिवशी एक प्रत माणसाच्या हातात आणि एक पोलीस ठाण्याच्या दप्तरात गेली पाहिजे. तसं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मागणं आपल्याच हातात आहे.

आणि मागायलाच आपण घाबरतो. आपल्या मोहल्ल्यात पोलीस ठाण्याची पायरी चढणं म्हणजे संकट अंगावर घेणं, अशी समजूत आहे. ती उगाच झालेली नाही, त्यामागे अनुभव आहेत. पण त्या भीतीचा फायदा एजंटांना होतो. दोन हजार घेऊन ते जे करतात, ते नातवाचा मोबाइल आणि कोर्ट फी स्टॅम्प यांत होण्यासारखं असतं.

सुरुवात करायची ती आपली केस कुठल्या ठाण्याची आणि कुठल्या कोर्टाची, इथून. आमच्या पट्ट्यात इथेच घोळ होतो. पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. त्याआधी पिंपरी, भोसरी, निगडी, वाकड ही ठाणी पुणे शहर पोलिसांकडे होती, तर चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही पुणे ग्रामीणकडे. त्यामुळे २०१८ च्या आधीचा चाकणचा गुन्हा शोधत असाल, तर संकेतस्थळावर 'पुणे ग्रामीण' निवडूनही पाहा. आणि पोलीस आयुक्तालय बदललं म्हणून कोर्ट बदललं असं नाही. चाकण खेड तालुक्यात येतं, म्हणून तिथली केस राजगुरुनगरच्या कोर्टात असू शकते. तळेगावची वडगाव मावळला, शहरातली पिंपरीला किंवा पुण्यात शिवाजीनगरला. मुलगा राहतो भोसरीत, भांडण झालं चाकणला आणि बाप खेटे घालतो शिवाजीनगरला, असं मी पाहिलं आहे. केस आरोपीच्या पत्त्यावर चालत नाही. गुन्हा जिथे घडला, तिथलं कोर्ट बघायचं.

दुसरा कागद एफआयआरचा. फिर्यादीला तिची प्रत मोफत मिळाली पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. आरोपीचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सांगितलं की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, आणि नेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. तिथे घटक, ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतं.

एफआयआरवरचा सगळ्यात मोलाचा मजकूर म्हणजे गु.र.नं., म्हणजेच गुन्हा रजिस्टर नंबर, आणि त्याच्यापुढचं साल. त्या व्हिजिटिंग कार्डावरचा आकडा तोच निघाला. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा पुणे, मग कोर्ट संकुल, मग पोलीस ठाणं निवडून एफआयआर नंबर आणि साल टाकलं की केस समोर येते. तिथे १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या केसचा तो एमएचपीयू या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. तो वहीत लिहून ठेवा. तेवढा हाताशी असला की पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झालं, निकाल लागला की नाही, सगळं मोबाइलवर पाहता येतं.

नंबर नसेल तर नावाने शोधावं लागतं, आणि इथे आपली खास अडचण आहे. आपलं आडनाव इंग्रजीत एका पद्धतीने लिहिलंच जात नाही. शेख तीन-चार प्रकारे, सय्यद पाच प्रकारे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत उरकलेलं. हवालदाराने ऐकलं तसं लिहिलं, कोर्टातल्या टायपिस्टने वाचलं तसं टाइप केलं. या मुलाचं नाव आम्हाला चौथ्या स्पेलिंगला सापडलं. म्हणून आडनाव सोडून पहिलं नाव टाकून बघा, वडिलांचं नाव टाकून बघा, सहआरोपीचं टाकून बघा. आणि 'प्रलंबित' व 'निकाली' असे पर्याय येतात तिथे 'दोन्ही' निवडा. निकाली केस प्रलंबितमध्ये शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होते.

नावाच्या शोधातून दुसराही धोका निघतो. चाकण-भोसरी पट्ट्यात एकाच नावाचे, वडिलांच्याही त्याच नावाचे अनेक जण सापडतील. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. ठेकेदाराच्या ऑफिसात बसून कुणी नाव टाकलं आणि केस दिसली, तर वय आणि पत्ता पाहिल्याशिवाय ती या मुलाचीच आहे असं ठरवू नये.

सगळंच ई-कोर्ट्सवर मिळतं असंही नाही. चॅप्टर केस तिथे सापडत नाही. शांतताभंग होऊ नये म्हणून बाँड लिहून घेतात, ती ही कारवाई. पूर्वी कलम १०७, ११० म्हणायचे, आता ती नव्या संहितेची १२६ आणि १२९ झाली आहेत. ही कारवाई कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर चालते. आयुक्तालयाच्या हद्दीत हे काम सहायक पोलीस आयुक्त करतात, ग्रामीण भागात तहसीलदार. म्हणून तिचे कागद त्याच कार्यालयात मागायचे. तडीपारीचंही तसंच, तो पोलीस उपायुक्तांचा किंवा प्रांतांचा हुकूम असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावरून पोलीस दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, अटक तर दूरच. आणि सणावाराच्या आधी मशिदीच्या ट्रस्टींना, गणपती मंडळांना, मोर्चाच्या आयोजकांना जी '१४९ ची नोटीस' येते, ती आता कलम १६८ ची असते. ती सूचना आहे. ती आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. आमच्या ओळखीच्या एका बुजुर्गांनी अशी नोटीस हातात पडल्यावर आठवडाभर रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता.

केस कोर्टात गेलीच नाही, असंही होतं. तपासात काही निघालं नाही तर पोलीस समरी अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात त्याचे तीन प्रकार आहेत. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी आणि द्वेषातून दिलेली. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार. तुमच्यावरच्या फिर्यादीत बी समरी मंजूर झाली असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या त्या हुकमाची नक्कल सोन्यासारखी जपा.

आता नक्कल. कोर्टात नक्कल विभाग असतो. केस नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख लिहून अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. तुम्ही केसमधले पक्षकार असाल तर कारण सांगावं लागत नाही. तिऱ्हाईताला सांगावं लागतं. कोर्टाचे कागद माहिती अधिकारात मागू नका. ते कोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पोलीस ठाण्याच्या कागदांसाठी मात्र माहिती अधिकार आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासाला अडथळा येईल अशी माहिती ते नाकारू शकतात, पण तपास संपलेल्या प्रकरणात हे कारण सहज चालत नाही. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते. बाहेरच्या माणसाला ती संकेतस्थळावर मिळणार नाही. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असा जानेवारी २०२३ चा निर्णय आहे.

निकालाची नक्कल हातात आली की एक झेरॉक्स जोडून पोलीस ठाण्यात नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

वकिलाची फी परवडत नाही, हे दुसरं मोठं कारण मला सांगितलं जातं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदत कुणाला मिळते याची यादी आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक, अपंग व्यक्ती, आणि त्याच यादीत औद्योगिक कामगार. हा शब्द चाकणमध्ये पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती बसते. १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे.

मी भाषेची शिक्षिका, म्हणून एक गोष्ट हटकून सांगते. पोलिसांची मराठी अवघड असते, असं आपल्या बायका म्हणतात. त्यांना मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवते. फिर्याद, जामीन, जबाब, अर्ज, नक्कल, मुदत, तारीख, वकील, हजर, कैद, इसम, फौजदारी, दप्तर. यांतला कुठला शब्द तुमच्या घरात अनोळखी आहे? फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीच्या कारभारात शेकडो वर्षं नांदत आहेत. त्या कागदाची भाषा निम्मी तुमचीच आहे. उरलेली निम्मी मुलांना शिकवणं हे आमचं काम.

हा प्रश्न फक्त आपल्या समाजाचा आहे, असं मी म्हणत नाही. ३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षण आंदोलनात चाकणला हिंसाचार झाला, बसगाड्या जाळल्या गेल्या, मोठ्या जमावावर गुन्हे दाखल झाले. दोन आठवड्यांनी ते ठाणं नव्या आयुक्तालयात गेलं. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा पुढे सरकारांनी केल्या. पण घोषणेने केस संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. तो हुकूम ज्याच्या हातात नाही, त्या मराठा मुलाची पडताळणी आमच्या मुलासारखीच अडू शकते. दोघांच्या आया एकाच रांगेत उभ्या आहेत.

कागद मागणं म्हणजे पोलिसांशी वैर घेणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अब्दुल वाहिद शेख यांची गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईतले शाळाशिक्षक. जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात ते नऊ वर्षं तुरुंगात होते आणि २०१५ मध्ये निर्दोष सुटले. त्या खटल्यातल्या आरोपींनी तुरुंगातून माहिती अधिकाराचे अर्ज पाठवून कागद जमवले. पिंजऱ्यात बसलेला माणूस अर्ज लिहू शकतो, तर बाहेर मोकळं फिरणाऱ्या आपल्याला काय झालं?

कागद फिर्यादीलाही तेवढाच लागतो. २०१४ मध्ये हडपसरला मोहसिन शेख या तरुणाला जमावाने मारलं. उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये तिघांना जामीन दिला. त्या हुकमातली कारणं लोकांनी वाचली, त्यावर दाद मागितली गेली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द करून फेरसुनावणीला सांगितलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, ही त्या घरासाठी वेगळीच जखम. पण हुकूम कुणी वाचलाच नसता, तर त्याला आव्हानही दिलं गेलं नसतं. म्हणून फिर्याद दिलेल्यांनीही आपला सीएनआर नंबर जवळ ठेवावा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केलं आहे.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण निकाली निघालं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ तसं सांगतं. अर्जाच्या खिडकीवर कुणी उलटं सांगितलं तर हे कलम दाखवा. आणि सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असं विचारलं असेल, तर खरं लिहा आणि निकालाची प्रत जोडा. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने खरं सांगणाऱ्याचा आणि लपवणाऱ्याचा फरक नीट मांडला आहे. छोट्या जुन्या केसपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं.

सूरह हुजुरातमध्ये दोन आदेश थोड्याच अंतरावर आले आहेत. बातमी आली की पडताळून घ्या, हा एक. दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी उकरत बसू नका, हा दुसरा. ई-कोर्ट्स मोबाइलवर आल्यापासून मला ते दोन्ही एकत्र आठवतात. स्वतःचा कागद शोधा, शेजाऱ्याला त्याचा शोधून द्या. जावयाचं स्थळ आलं म्हणून किंवा भाऊबंदकीत दाबायला म्हणून कुणाची सात वर्षांपूर्वीची तारीख व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. आणि फिरवायचीच खुमखुमी असेल, तर निकाल लागला तोही पाठवा.

माझी सूचना छोटी आहे. महिन्यातून एका जुम्याला, नमाजनंतर जमातखान्यात एक टेबल लावावं. एक शिक्षक, एक वकील, एक कॉलेजात शिकणारी मुलगी मोबाइल घेऊन. ज्याची कुठलीही केस आहे किंवा होती, त्याने यावं आणि सीएनआर नंबर लिहून न्यावा. दरवाजा कुणाही शेजाऱ्याला उघडा असावा. त्या आईच्या मुलाला असं टेबल २०२२ मध्ये मिळालं असतं, तर त्याची चाकणची नोकरी गेली नसती.